बाहेरच्या कडीचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. आता मला दरवाजा म्हणणं ही तशी थट्टाच आहे, कारण माझ्यातून कुणी येत नाही आणि कुणी जात नाही. मला चौकट नाही. एका मोठ्या दालनात भिंतीला टेकवून मला उभा केला आहे, पुढे दोरी बांधली आहे, आणि दोरीवर 'हात लावू नये' असं लिहिलं आहे. शाळेतल्या बाई तुम्हाला रांगेनं आणतात, तुम्ही माझ्याखालची पाटी मोठ्यानं वाचता आणि पुढच्या कपाटाकडे पळता. पळा बापडे. त्या कपाटात पोलिसांचं जुनं शिरस्त्राण आहे, ते माझ्यापेक्षा बघण्यासारखं आहे.

पाटीवर लिहिलंय: 'हक्कांच्या लढ्यात शहीद झालेल्या कामगाराला या दरवाजावरून नेण्यात आले.' त्यात खोटं काही नाही. पण ते अर्धंच आहे, आणि अर्ध्या गोष्टीचा मला भारी राग येतो. म्हणून उरलेली अर्धी सांगतो. जरा थांबा, शिरस्त्राण कुठे जात नाही.

मला एका अबोल सुतारानं घडवलं. लाकूड जाड, जोड घट्ट, रंधा असा मारलेला की हात फिरवला तर कुसळ लागू नये. मला मागवलं होतं एका संस्थेनं. ज्यांना चालता येत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचं अंग त्यांचं ऐकत नाही, अशा माणसांना तिथे ठेवत. 'ठेवत' हाच शब्द बरोबर आहे. सुतारानं विचारलं, "आतली कडी किती उंचीवर लावू?" संस्थेचे अधीक्षक म्हणाले, "आतून कशाला? बाहेरून लावा." सुतार माझ्याकडे बघत राहिला, मग त्यानं बाहेरून कडी लावली. बिजागऱ्या मात्र त्यानं आतल्या बाजूला लावल्या, सळयांची डोकी खोलीत दिसतील अशा. मुद्दाम लावल्या की चुकून, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तो मजुरी घेऊन गेला तो गेलाच.

उद्घाटनाला देणगीदार आले. "काय भक्कम दरवाजा आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मीही फुशारलो. नवा होतो, अक्कल नव्हती.

मी ज्या खोलीला होतो ती कामाची खोली. तिथे वेताच्या खुर्च्या विणत. वेत पाण्यात भिजवायचा, मऊ झाला की टोच्यानं भोकं मोकळी करून ओढून बसवायचा, वाळला की तो आपसूक ताठ होतो. सकाळी सगळ्यांना आत आणायचं आणि बाहेरून कडी घालायची. का, तर भटकतील, पडतील, आणि मग जबाबदारी कुणाची? संस्थेतून बाहेर पडायचं तर नातेवाइकाची सही लागे. ज्याला नातेवाईक नाही त्यानं तिथेच जन्म काढायचा. कायदाच तसा होता.

त्या खोलीत एक ताई होत्या. लहानपणी ताप आला आणि पाय गेले, पण हात असे की ओला वेत त्यांच्याशी भांडायच्या भानगडीत पडत नसे. आणि एक वकील होता. खरा वकील नव्हे हो. त्याचं अंग सारखं झटके देई, बोटांत टोचा धरता येत नसे, आणि बोलला तर बाहेरच्या माणसाला घरघर ऐकू यायची, शब्द नाही. तान्हा असताना कुणीतरी त्याला संस्थेच्या फाटकाशी ठेवून गेलं होतं. पण डोकं तल्लख. दुसऱ्याच्या विणीतली चूक तो लांबूनच ओळखायचा. प्रत्येक गोष्टीत त्याचा वाद. कडी बाहेरून का? माझी सही मीच का करायची नाही? म्हणून सगळे त्याला वकील म्हणायला लागले. त्याचं बोलणं समजायचं ते एकट्या ताईंना. तो बोलायचा, ताई मोठ्यानं सांगायच्या. कधीकधी ताई वैतागून म्हणायच्या, "हे असलं मी नाही सांगणार, शिव्या तुझ्या तू दे." मग सगळी खोली हसायची.

त्या वर्षांत बाहेर मोठी चळवळ उभी राहिली होती. कामगार होते, वस्त्यांमधली माणसं होती. कायदा मागत होते: जन्मामुळे, धंद्यामुळे, बाई असल्यामुळे कुणालाही काम नाकारायचं नाही, घर नाकारायचं नाही, शाळेच्या पायरीवरून परत पाठवायचं नाही. चळवळीचे पुढारी होते दादा. सगळं शहर त्यांना दादाच म्हणे. एकदा ते संस्थेत खुर्च्या पाहायला आले, तेव्हा वकिलानं त्यांना गाठलं. ताईंनी सांगितलं, "तो म्हणतोय, तुमच्या मागणीत 'शरीरामुळे' हा शब्द घाला. एवढा एकच."

दादा वाईट माणूस नव्हते. ते खाली बसले, वकिलाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "घालू ना. पण नंतर. आधी आमचं पदरात पडू दे. एकदम सगळ्यांचं मागितलं तर सरकार सगळ्यांनाच वाटाण्याच्या अक्षता लावेल." वकील काहीतरी घरघरला. दादांनी विचारलं, "काय म्हणतो?" ताई म्हणाल्या, "राहू द्या. शिवी आहे."

मग मोठ्या मोर्चाचा दिवस उजाडला. जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयावर सगळे चालून जाणार होते, आणि ते कार्यालय संस्थेच्याच रस्त्याच्या टोकाला होतं. घोषणा खोलीत ऐकू येत होत्या. अधीक्षकांनी सकाळीच कडी घातली होती आणि वर कुलूपही ठोकलं होतं. त्यांच्या डोक्यात दरवाजा म्हणजे कडी. बिजागऱ्यांकडे बघायचं त्यांना कधी सुचलंच नाही. वकिलानं मानेनं माझ्याकडे खूण केली. ऐकू न येणारे दोघेजण तिथे होते, दांडगे, बैलासारख्या खांद्यांचे. ताईंनी त्यांना हातांनी समजावलं. त्यांनी वेताचा टोचा सळईखाली घातला, खालून हातोडी मारली, आणि एकेक सळई वर आली. मी आयुष्यात पहिल्यांदा चौकटीतून सुटलो. सांगतो, भीतीच वाटली.

"याला बरोबर घ्या म्हणतोय," ताईंनी सांगितलं. मग त्यांनी वकिलाला कारण विचारलं. "म्हणतोय, तिथे पायऱ्या आहेत."

चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, आणि त्या दोघांच्या खांद्यावर मी, अशी आमची वरात निघाली. कार्यालयाच्या फाटकाशी पोलिसांनी मोर्चा अडवून धरला होता. मुंगीलाही आत सोडत नव्हते. पण आम्हाला पाहिलं आणि एका हवालदारानं फाटक किलकिलं केलं. त्याला वाटलं, ही माणसं मदत मागायला आली आहेत. "जाऊ द्या बिचाऱ्यांना," तो म्हणाला. कुणी बिचारं म्हटलं की ताईंच्या कपाळाला आठी पडे. त्या दिवशी त्या हवालदाराकडे बघून गोड हसल्या.

त्या दोघांनी मला पायऱ्यांवर आडवा टाकला. माझ्यावरून एकेक खुर्ची वर चढली. आत मोठी खोली होती, चहूबाजूंनी खिडक्यांमागे कारकून. मधोमध सगळे बसले आणि उठेनात. कार्यालयाचे साहेब धावत आले. उचलायचं कसं, मारायचं कुठे, पोलिसांना काही कळेना. बाहेर बातमी गेली तेव्हा फाटकाशी असा काही जल्लोष झाला की खिडक्यांची तावदानं थरथरली. दादांनी निरोप पाठवला: शाब्बास, हलू नका. आता तेही 'नंतर' म्हणत नव्हते. मोर्चा फाटकाबाहेर ठाण मांडून बसला, आमची माणसं आत.

पहिले काही दिवस मजेत गेले म्हणा ना. मग साहेबांनी पाणी तोडलं. संडासाला कुलूप लावलं. बाहेरून आलेलं औषध फाटकाशीच अडवलं. तिथे झाडलोट करणाऱ्या दोन बाया होत्या. त्या बादलीत वर ओलं फडकं टाकून खाली पाणी आणि डबे लपवून आणायच्या आणि मान खाली घालून फरशी पुसत पुसत बादली आमच्यात सोडून जायच्या. त्या पकडल्या गेल्या आणि त्याच दिवशी कामावरून गेल्या. त्यांची नावंसुद्धा आम्हाला विचारायची राहिली.

वकिलाला फरशीचा गारठा सोसेना, म्हणून जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांवर मला आडवा ठेवून त्याला माझ्यावर निजवलं होतं. अशा माणसाला सारखी कूस बदलून द्यावी लागते, अंग कोरडं ठेवावं लागतं. कूस बदलणारे हात होते, पण पाणी नव्हतं, कपडा नव्हता, मलम नव्हतं. पाठ फुटली, जखमा वाहायला लागल्या. मग ताप चढला. त्याचं अंग किती कढत झालं होतं ते मला ठाऊक आहे, मी त्याच्या पाठीखालीच होतो.

साहेबांचीही पाचावर धारण बसली. माणूस कार्यालयात मेला तर काय तोंड दाखवायचं? ते डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, आज दवाखान्यात नेलं तर वाचेल. साहेबांनी वकिलाच्या तोंडाशी वाकून विचारलं, "गाडी दाराशी उभी आहे. येतोस ना?" वकील बोलला. बराच वेळ बोलला. मग सगळे ताईंकडे बघायला लागले.

मित्रांनो, तो क्षण नीट समजून घ्या. तो काय बोलला ते तिथे एकट्या ताईंना कळलं होतं. साहेबांना घरघर ऐकू आली. शेजारचे दोघे बहिरे. ताईंनी नुसतं 'हो म्हणतोय' म्हटलं असतं तरी त्याला उचलून नेलं असतं, आणि तो वाचला असता. त्यांनी वकिलाच्या कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाल्या, "तो नाही म्हणतोय. म्हणतोय, मी गेलो की एकेकाला असंच दुखण्याच्या नावाखाली बाहेर काढाल. तो शब्द कायद्यात येईपर्यंत आम्ही कुणीच जाणार नाही."

"हे तो म्हणतोय की तू?" साहेबांनी विचारलं.

ताई वकिलाची कूस बदलायला लागल्या. साहेब हात झटकून निघून गेले. सगळे पांगल्यावर ताई त्याच्या कानाशी लागल्या. "मी हो सांगितलं असतं तर कुणाला कळलं असतं रे मेल्या?" वकील तापातही हसला. एकच शब्द बोलला. तो एवढा स्पष्ट होता की मलासुद्धा कळला. "तुला."

दोन दिवसांनी, सकाळी कारकून कामावर येत होते तेव्हा तो गेला.

ताई म्हणाल्या, याला याच दरवाजावरून बाहेर न्यायचं. दोघांनी मला खांद्यावर घेतलं. पायऱ्या उतरून आम्ही फाटकाशी आलो. वकिलाला पाहिलं आणि बाहेरचा जमाव उसळला, फाटक तुटलं, आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. दादांचा धाकटा भाऊ सगळ्यांत पुढे होता. त्याच्या डोक्यात लाठी बसली आणि तो माझ्या पुढ्यात कोसळला. अजून धुगधुगी होती. दादा ओरडत होते, "काहीतरी आणा, उचलायला काहीतरी आणा." कुणाकडे काही नव्हतं.

तेव्हा ताईंनी त्या दोघांना खूण केली. "आमच्याला खाली घ्या," त्या दादांना म्हणाल्या. "तुमच्याला ठेवा. तो जिवंत आहे."

वकिलाला फुटपाथवर ठेवलं आणि धाकट्याला माझ्यावर घातलं. कामगारांनी मला उचललं आणि धूम ठोकली. धाकट्यानं दवाखान्याच्या वाटेवरच जीव सोडला. मग पळणारे थांबले, आणि त्या पळापळीची अंत्ययात्रा झाली. हजारो माणसं मागे चालत आली. कुणीतरी छायाचित्र काढलं. तुमच्या पुस्तकात आहे ना, माणसांच्या समुद्रावर एक दरवाजा आणि दरवाजावर एक तरुण, तेच ते. फुटपाथ त्या चित्रात येत नाही. तिथे ताई वकिलाचं डोकं मांडीजवळ धरून बसून राहिल्या होत्या. मला हे नंतर कळलं, लोकांच्या बोलण्यातून. मी तिथे नव्हतो, मला नेलं होतं.

कायदा झाला. दादांच्या गळ्यात हार पडले. 'शरीरामुळे' हा शब्दही आला, पण त्याच्यापुढे सरकारनं 'शक्य असेल तेथे' असं जोडून दिलं. शक्य असेल तेथे म्हणजे काय, हे भांडण ताईंना पुढे आयुष्यभर पुरलं. संस्थेनं कामाच्या खोलीला नवा लोखंडी दरवाजा बसवला. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला.

मी मात्र कामगारांच्या कचेरीत राहिलो. पहिली काही वर्षं माझी आरती ओवाळायचीच बाकी होती. मग माझं टेबल केलं, माझ्यावर चहाचे कप आणि पत्रकांचे ढीग आले. मग पाय मोडला, तेव्हा मला कपाटामागे सारलं. तिथे किती वर्षं गेली कुणास ठाऊक. एका कोपऱ्याला वाळवी लागली होती आणि मला वाटलं, चला, सुटलो.

पण हे दालन बांधायचं ठरलं. मला बाहेर काढलं, औषध मारलं, आणि बाकांवर आडवा ठेवला. माझ्याभोवतीच समितीची बैठक भरली. दादा होते, थकलेले, काठी टेकत आलेले. एक प्राध्यापक होते. आणि ताई आल्या होत्या, खुर्चीत. केस पिकले होते, हात तेच होते. दालनाच्या दाराशी लढ्यात मेलेल्यांच्या नावांचा दगड बसवायचा होता, आणि ताईंची एकच मागणी होती: वकिलाचं नाव त्यावर हवं.

"पूर्ण नाव काय?" प्राध्यापकांनी विचारलं.

"वकील. एवढंच."

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "ताई, मला तुमच्याविषयी आदर आहे. पण ते आजारानं गेले. दगडावर लाठीनं, गोळीनं गेलेले आहेत."

"वाचवायला गाडी दाराशी उभी होती," ताई म्हणाल्या. "तो गेला नाही. याला आजार म्हणता?"

"ते नाही म्हणाले, हे तुम्ही सांगता. दुसरं कुणी ऐकलंय?"

ताईंचा चेहरा असा झाला की मला चौकट असती तर मी मिटून घेतलं असतं. त्या एका 'नाही'चं ओझं त्यांनी आयुष्यभर वाहिलं होतं. आता त्यांना कुणी सांगत होतं की ते 'नाही' कदाचित तुमचंच असेल. त्या दादांकडे वळल्या.

"दादा, तुम्ही सांगा. त्या दिवशी या दरवाजावर आधी कोण होतं?"

दादा माझ्याकडे बघत राहिले. मी जीव मुठीत धरून वाट बघत होतो. "गडबड होती गं," ते शेवटी म्हणाले. "मला धाकटाच आठवतो." ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. भाऊ मरताना माणूस बाकी काय बघणार? पण पुढे जे बोलले ते मात्र विचार करून बोलले. "आज संस्थेतले येतील. उद्या झाडणाऱ्या बायांचं कुणी येईल. परवा आणखी कुणी. सगळ्यांनाच बसवलं तर लढा कुणाचा होता तेच कळणार नाही."

"सगळ्यांचा होता, ते कळेल," ताई म्हणाल्या.

मग प्राध्यापकांनी तोडगा काढला. नावं संपली की खाली 'व इतर' असं कोरायचं. त्यात सगळेच येतात, कुणी नाराज नाही. दादांनी मान हलवली. "बघ ताई, तुझा वकीलही आला त्यात."

"बरं," ताई म्हणाल्या. "मग तुमच्या धाकट्यालाही त्यातच घाला."

दादांनी चहा मागवला. ताईंनी घेतला नाही. त्या गेल्या, आणि पुन्हा इकडे आल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या, असं इथला पहारेकरी कुणाला तरी सांगत होता.

दगड तुम्ही येताना पाहिलात. सगळ्यांत वर धाकट्याचं नाव आहे, सगळ्यांत खाली ते दोन शब्द.

माझ्या मधल्या फळीवर एक काळपट डाग आहे, त्यावर काच बसवली आहे. मला पॉलिश करायला माणसं आली तेव्हा दादांनीच त्यांना थांबवलं, माझ्या भावाचं रक्त आहे, तेवढं राहू द्या म्हणाले. दरवर्षी त्या दिवशी ते येतात. दोरी ओलांडायची मुभा फक्त त्यांना आहे. काचेवर कपाळ टेकून रडतात. धाकट्याला डोक्यात लागलं होतं, त्याचं रक्त वरच्या टोकाला सांडलं होतं, आणि ते कामगारांनी दुसऱ्याच दिवशी बादलीभर पाण्यानं धुऊन काढलं. मधला डाग वकिलाच्या पाठीचा आहे. मी हे त्यांना सांगू शकत नाही, आणि त्या म्हातारबांना रडताना पाहून सांगावंसंही वाटत नाही.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. वाळवीपासून मला जपायला इथे माणसं नेमली आहेत. तुम्ही एवढंच करा. बाहेर जाताना त्या दगडापाशी थांबा आणि तुमच्या बाईंना विचारा, 'व इतर' म्हणजे कोण? बाईंना माहीत नसेल. तरी विचारा.